पराभव संवत्सराचं पंचांग, शके १९४८

यंदाच्या पाडव्याला, १९ मार्चला, नवं दाते पंचांग घरात आलं. गुढीशेजारी पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं आणि जेवणं उरकल्यावर चष्मा लावून बसले. सोलापूरहून शंभराहून जास्त वर्षं निघणारं हे पंचांग आमच्या घरी आत्यांच्या काळापासून येतं. (आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात.) आता ते आणायचं, वाचायचं आणि घराला सांगायचं काम माझ्याकडे आहे. ज्यांनी कधी पंचांग घेतलेलं नाही त्यांच्यासाठी हा अभिप्राय.

या संवत्सराचं, म्हणजे पाडव्यापासून सुरू झालेल्या वर्षाचं, नाव पराभव. नाव वाचून कुणी दचकू नका. साठ संवत्सरांचं चक्र असतं, प्रभवपासून सुरू होतं, ठरलेल्या क्रमाने नावं येतात. गेल्या वर्षी विश्वावसु होतं, पुढल्या वर्षी प्लवंग. यापूर्वी पराभव आलं ते शके १८८८ मध्ये, म्हणजे १९६६ च्या पाडव्याला, आणि त्याच वर्षी माझा जन्म झाला. माझ्या जन्माचं संवत्सर साठ वर्षांनी फिरून आलंय, म्हणून यंदा हे पुस्तक मी जरा जास्तच सावकाश वाचलं.

माझं मत आधीच सांगते. भविष्य कळेल म्हणून पंचांग घेणार असाल तर घेऊ नका. पण आपलं वय काय, बाहेर ऋतू कोणता आणि या दिवसांत आपण कसं वागायचं, याचा विचार करायला एखादं साधन हवं असेल, तर याच्याइतकं स्वस्त आणि टिकाऊ दुसरं मला मिळालेलं नाही.

भिंतीवर आमच्याही कालनिर्णय आहे. १९७३ पासून ते महाराष्ट्राच्या भिंतीवर आहे आणि दुधाचा खाडा, गॅसची तारीख, कुणाचं लग्न हे लिहायला त्याला तोड नाही. पण कॅलेंडर जानेवारीत उघडतं आणि महिन्याचं पान उलटलं की मागचं संपलं. पंचांग चैत्रात उघडतं आणि पंधरवड्यापंधरवड्याने चालतं: चंद्र वाढता तो शुद्ध पक्ष, मग उतरता तो वद्य पक्ष. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण हे रकान्यांत, आणि कडेला त्या दिवसाचं विशेष. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे रेल्वेच्या टाइमटेबलसारखं दिसतं. अक्षरं बारीक, संक्षेप फार. हे कोणत्याही पंचांगात असणारच, एवढ्या गोष्टी एका पानात बसवायच्या म्हणजे. घाबरू नका. सुरुवातीला फक्त तिथी आणि कडेचा दिनविशेष वाचा. वर्षभरात डोळा बसतो. मी कोपऱ्याला भोक पाडून सुतळी ओवते आणि फडताळाच्या खिळ्याला अडकवते. पेन्सिलही तिथेच बांधलेली.

तिथी म्हटलं की अधिक महिना समजून घ्यावाच लागतो. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५ चं. दरवर्षी अकरा दिवस मागे पडायला होतं आणि मग बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा घालून ऋतू आणि सण पुन्हा जुळवून घेतात. ज्या महिन्यात सूर्याची संक्रांत, म्हणजे एका राशीतून दुसरीत जाणं, पडत नाही तो अधिक. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. आमच्या भागात याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावई-लेकीला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. मला या महिन्याचं फार कौतुक आहे. त्यात लग्नं नाहीत, मुंजी नाहीत, वास्तुशांती नाही. कामाच्या माणसाला वर्षाने स्वतःहून दिलेली सवड आहे ती. गेल्या वर्षी ६ जुलैला असलेली आषाढी यंदा त्यामुळेच २५ जुलैवर गेली.

आता चातुर्मास. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत चार महिने, आणि त्यात एखादा नेम. शास्त्रात श्रावणात भाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध, कार्तिकात द्विदल धान्यं सोडायला सांगितलंय. कुणी एकभुक्त, म्हणजे एकवेळ जेवून, राहतं, कुणी जमिनीवर झोपतं, कुणी मौनाने जेवतं. आत्यांचा यात एकच आग्रह असायचा: नेम आपल्या वयाला आणि घराला झेपेल असा घ्यायचा, आणि घेतला की कार्तिकीपर्यंत मोडायचा नाही. नेमाला शेवटची तारीख असते, ही यातली मोठी सोय आहे. आयुष्यभर रागावणार नाही असं कुणी ठरवलं तर आठवड्यात सुटतं. चार महिने माणूस रेटतो, आणि चार महिन्यांत अंगवळणी पडलेलं पुढे बऱ्याच अंशी राहून जातं.

माझं लग्न झालं, मुलं झाली, सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी, पाळीची ड्यूटी. मला पोथी लावायची फार हौस होती. आत्या म्हणाल्या, "तुझं वय आत्ता पोथीचं न्हाई. रोज एक भाकरी जादा थाप. ती कुणाची हाय ते तुला दुपारपत्तोर कळंल." १९९५ च्या सुमाराचं हे. ती भाकरी मी डब्यातून वॉर्डात न्यायचे. खेड्यातून पेशंट घेऊन आलेला, खिशात परतीच्या एसटीपुरतेच पैसे असलेला एखादा नातेवाईक रोज असायचाच. त्याआधी वॉर्डात माझी नजर फक्त खाटेवरच्या माणसावर असायची. खाटेशेजारी उकिडवा बसलेला माणूस मला त्या चार महिन्यांत दिसायला लागला.

२००४ ला श्रावण अधिक होता. अधिक महिना चातुर्मासात आला की चार महिन्यांचे पाच होतात. त्या वर्षी मी रात्रीच्या जेवणाला मौन धरलं. ताटावर बसले की हात धुवेपर्यंत बोलायचं नाही. एरवी जेवताना मीच बोलायची: अभ्यास झाला का, दप्तर भरलं का, भाजी का टाकलीस. पहिले काही दिवस घर अगदी सुनं वाटलं. मग मुलं बोलायला लागली. बारा वर्षांची लेक एका रात्री भाताशी खेळत म्हणाली, आई, मला शाळेतच पाळी आली, परवा. मी बोलत असते तर दोन मिनिटांत सगळं समजावून मोकळी झाले असते. बोलता येत नव्हतं म्हणून नुसती ऐकत राहिले, आणि ती कितीतरी वेळ सांगत राहिली. कुणाकडून पॅड घेतलं, कुठल्या मैत्रिणीला सांगितलं, पोट कसं दुखलं, बापाला कळू द्यायचं का नाही. आज ती न्यू जर्सीत आहे, स्वतः आई आहे, आणि अजूनही मला फोनवर असंच सांगते. याचं मूळ मी त्या पाच महिन्यांत धरते.

एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारखा जवळजवळ जशाच्या तशा जुळून येतात. म्हणून २०२३ ला पुन्हा अधिक श्रावण आला, २९ जून ते २३ नोव्हेंबर असा लांब चातुर्मास. तेव्हा आत्या अंथरुणाला खिळल्या होत्या आणि माझी निवृत्ती वर्षावर आली होती. खोलीला एकच खिडकी, तीही बोळाकडे. सकाळी डोळे उघडले की त्या विचारायच्या, "आज काय हाय गं?" नेम ठरला: ड्यूटीला जाण्याआधी त्यांच्या उशाशी बसून त्या दिवसाचं पंचांग वाचायचं. तिथी, वार, नक्षत्र, सूर्य कुठल्या नक्षत्रात आहे, पाऊस आहे का.

पावसाची नक्षत्रं हा पंचांगातला मला सगळ्यात आवडणारा भाग. सूर्य एकेका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो. ७-८ जूनला मृग, मग आर्द्रा, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, पुढे आश्लेषा, मघा, थेट हस्त-चित्रा-स्वातीपर्यंत. आमच्या सोयाबीन-भुईमुगाच्या पट्ट्यात अजूनही म्हातारी माणसं तारीख न सांगता नक्षत्र सांगतात. २०२३ चा ऑगस्ट आठवतोय? देशभर शंभरेक वर्षांत इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. मी वाचलं, "आत्या, मघा निघाल्या." त्यांनी विचारलं, "पडल्या का?" म्हटलं, "न्हाई." मग त्यांनी म्हण पुरी केली: पडल्या तर मघा, न्हाईतर ढगाकडं बघा. दिवसातून एवढंच बोलायच्या कधी कधी. पण कुठला दिवस, कुठला महिना, शेतात काय चाललं असेल, याचं भान त्यांना शेवटपर्यंत होतं.

पहिले काही आठवडे माझी नजर घड्याळावर असायची. भाद्रपद लागेपर्यंत ती घाई गेली. मग वॉर्डातही मी सकाळच्या राउंडला म्हाताऱ्या पेशंटना आधी दिवस सांगायला लागले: आज शुक्रवार, बाहेर ऊन पडलंय, परवा घट बसणार. ट्रेनिंगमध्ये शिकवलेलंच होतं की अंथरुणावरच्या वृद्ध माणसाला स्थळकाळाचं भान देत राहावं. इतकी वर्षं नोकरी करून ते मनापासून करायला मी या पुस्तकामुळे शिकले.

आत्या गेल्या त्या चंपाषष्ठीला. ज्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून चातुर्मासात सोडलेलं वांगं घरात शिजतं, त्या दिवशी. २०२३ ला ती १८ डिसेंबरला होती. पुढच्या वर्षी ७ डिसेंबरला आली, गेल्या वर्षी २६ नोव्हेंबरला, आणि यंदा अधिक महिन्यामुळे पुन्हा डिसेंबरच्या मध्यावर जाईल. मोबाइल १८ डिसेंबरला आठवण करून देतो, पण त्या दिवशी मला तितकं वाटत नाही. चंपाषष्ठीला मात्र चंद्रकोर तशीच असते, थंडी तशीच असते, शेजारून वांगी भाजल्याचा वास येतो, आणि त्या गेल्याचं सकाळपासून जाणवत राहतं. श्राद्ध तिथीला का करतात हे मला असं कळलं.

आता जे मी वाचत नाही ते. राशिभविष्याची पानं मी उलटत नाही. जन्मनक्षत्रावरून बाळाला बोल लावणं तर मला सहनच होत नाही. मूळ नक्षत्रावर जन्मलेली, अमावास्येला जन्मलेली कितीतरी बाळं या हातांनी पुसून आयांच्या कुशीत दिली आहेत. एखाद्या आजीने त्या बाळाकडे पाठ फिरवलेली बघितली की मी तिला बाजूला घेऊन बोलायचे. कोष्टकातलं नक्षत्र हे चंद्र कुठे होता ते सांगतं, त्यापुढे काही नाही. दुसरं, नर्स म्हणून: मधुमेह असेल, इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर एकादशीचा निर्जळी उपास करू नका. डॉक्टरांना विचारा आणि नेम दुसरा घ्या, नेमांना तोटा नाही.

मोबाइलवरची ॲप्स का नाही, असं मुलगा विचारतो. वापरून बघितलं एक. त्यात शहर भलतंच निवडलेलं होतं आणि एकादशी एक दिवस आधी दाखवली. तिथी संपण्याचा क्षण जगभर एकच, पण कुठल्या दिवसाची तिथी कोणती हे त्या गावच्या सूर्योदयाला ठरतं. म्हणून माझ्या लेकीची एकादशी कधी कधी आमच्या आदल्या तारखेला येते आणि ती बरोबरच असते. परदेशात असाल तर तुमच्या गावासाठी केलेलं गणित बघा, भारतातलं पुस्तक तसंच वापरू नका. इथे राहणाऱ्यांना छापील पुस्तक पुरतं, शिवाय त्यात पेन्सिलीने लिहिता येतं. माझ्या जुन्या पंचांगांच्या कडांवर पेरणी, ताप, पहिला दात, बदली, सगळं आहे.

कुणी घ्यावं? नुकतं लग्न झालेल्यांनी, घरात लहान मूल असलेल्यांनी, निवृत्त होणाऱ्यांनी, आणि ज्यांच्या घरी कुणी अंथरुणाला आहे त्यांनी जरूर. देवाधर्माचं फारसं नसेल तरी घ्या; अमावास्या-पौर्णिमा आणि पावसाची नक्षत्रं सगळ्यांचीच आहेत. पाडवा होऊन गेला तरी पुढे काही महिने दुकानात मिळतं. घेताना शके १९४८ लिहिलंय ना, ते तेवढं बघा, कारण गेल्या वर्षीच्या प्रतीही गठ्ठ्यात राहिलेल्या असतात. वयस्कर माणसासाठी घेत असाल तर सोबत एक भिंग घ्या.

माझा यंदाचा नेम आषाढ शुद्ध पक्षाच्या कडेला लिहून ठेवलाय. २५ जुलैपासून कार्तिकीपर्यंत, कुणी विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. स्वयंपाकघर सुनेचं आहे, डबा तिचा, पोर तिचं. वांगंही बंद, चंपाषष्ठीपर्यंत.