नाताळच्या भेटवस्तू: 24 ची रात्र की 25 ची सकाळ? घरात कुत्रा-मांजर असलेल्यांसाठी तुलना

गोव्यात नाताळच्या भेटवस्तू केव्हा उघडायच्या, याची रीत घरागणिक बदलते. काही कुटुंबे मध्यरात्रीच्या मिस्सेहून, म्हणजे चर्चमधील प्रार्थनेहून परतताच केक कापून भेटी वाटतात, तर काही घरांत 25 तारखेच्या सकाळच्या चहानंतर तो कार्यक्रम होतो. माणसांपुरते पाहिले तर दोन्ही रीती सारख्याच आनंदाच्या आहेत. घरात प्राणी असेल, तर मात्र त्यांच्यातील फरक बराच मोठा ठरतो.

रात्रीच्या रीतीचे आकर्षण उघड आहे. नक्षत्राचा दिवा लागलेला असतो, गोठ्यात बाळ येशूची मूर्ती नुकतीच ठेवलेली असते आणि मुख्य म्हणजे सगळे नातेवाईक एका छपराखाली असतात. दुसऱ्या दिवशी कोणी माहेरी जेवायला जातो, कोणी मडगावला, कोणी म्हापशाला, आणि पुन्हा एवढी माणसे एकत्र येतीलच असे नाही. आजी-आजोबांसमोर नातवंडांनी भेटी उघडाव्यात, असे ज्या घराला वाटते, त्या घराला रात्रच सोयीची वाटते.

अडचण भेटी उघडण्याच्या वेळेत नसून त्याआधीच्या वेळेत आहे. सारे कुटुंब चर्चच्या पटांगणात असताना नाताळचे झाड म्हणून उभ्या केलेल्या सुरूच्या फांदीखाली रचलेल्या खोक्यांपाशी कुत्रा एकटाच असतो. चकचकीत कागद, त्याखाली पुठ्ठा, त्याखाली प्लॅस्टिक एवढे सारे असूनही आतल्या चॉकलेटचा वास त्याच्या नाकापर्यंत पोहोचतो. चॉकलेटमधील थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते, आणि चॉकलेट जितके काळे तितके ते अधिक घातक. मनुकांमुळे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि नाताळच्या केकमध्ये त्या बहुधा रममध्ये भिजवलेल्या असतात. नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या सारणातही मनुका असतात, त्यामुळे ज्यांच्याकडे झाड नाही पण शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडून गोडाचे ताट आले आहे, त्या घरांनीही ते ताट टेबलावर उघडे ठेवू नये. असे काही खाल्ल्यानंतर साधारण दोन तासांच्या आत डॉक्टरांनी उलटी करवली तर तिचा विशेष उपयोग होतो. मिस्सेला गेलेले कुटुंब परतेपर्यंत हा अवधी बहुधा सरलेला असतो, आणि कुत्र्याने नेमके केव्हा खाल्ले हे सांगायलाही घरात कोणी नसते.

त्यात फटाक्यांची भर पडते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या आदेशानुसार नाताळच्या रात्री फटाक्यांसाठी 11.55 ते 12.30 ही वेळ ठरलेली आहे. प्रत्यक्षात आवाज त्याआधी आणि नंतरही येतात, हे गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. घाबरून पलंगाखाली शिरलेल्या प्राण्याला त्यानंतर लगेच दहा-पंधरा माणसांच्या गलक्यात आणणे बरे नव्हे.

सकाळची रीत या दोन्ही अडचणी टाळते, पण एका अटीवर: भेटी रात्रभर कपाटात कुलूपबंद हव्यात. त्या झाडाखालीच ठेवून सारे झोपी गेले, तर रात्रीचा धोका तसाच राहतो. सकाळी कुत्र्याला फिरवून, खाऊ घालून आणले की तो पुष्कळसा शांत असतो आणि भेटी उघडताना सगळे जागे, सावध असतात. मुलांना रात्रभर धीर धरावा लागतो, ही या रीतीची खरी किंमत. आणि पहाटेच निघणाऱ्या पाहुण्यांसाठी ती गैरसोयीचीच आहे.

मांजराच्या बाबतीत वेळेपेक्षा फितीला महत्त्व आहे. मांजराच्या जिभेवरील काटे आतल्या दिशेने वळलेले असल्याने तोंडात गेलेली फीत किंवा जरीची दोरी थुंकून टाकणे त्याला कठीण जाते, आणि ती गिळली गेल्यास आतडी गोळा होऊन शस्त्रक्रियेपर्यंत पाळी येऊ शकते. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नये. थेट पशुवैद्याकडे जावे. पुष्पगुच्छात लिली असेल तर तो मांजराच्या घरात आणूच नये, कारण तिचे परागकणही मांजराच्या मूत्रपिंडांना विषारी असतात. डिसेंबरात लाल होणाऱ्या पॉइन्सेटियाची मात्र उगाच धास्ती घेतली जाते. त्याने तोंडाची किंवा पोटाची किरकोळ जळजळ होते, एवढेच.

माझे मत सकाळच्या बाजूने आहे, विशेषतः घरात तरुण, खादाड कुत्रा असेल तर. घरी फक्त मांजर असेल किंवा मिस्सेच्या वेळी कोणी वडीलधारे घरीच थांबणार असतील, तर रात्रीची रीत मोडण्याचे कारण मला दिसत नाही. फिती तेवढ्या सुतळीसकट लगेच गोळा कराव्यात. प्रत्येकाने प्रत्येकाला भेट देण्याऐवजी चिठ्ठ्या टाकून एकेकाने एकालाच द्यावी, ही अलीकडे रुळलेली पद्धत दोन्ही वेळांना चालते आणि खोक्यांची संख्याही कमी करते. 6 जानेवारीला, म्हणजे रेइश मागुश, चांदर आणि कासावली येथे तीन राजांचे फेस्त (चर्चचा उत्सव) असते त्या दिवशी, मुलांच्या भेटी द्याव्यात असाही पर्याय आहे. फटाके तोवर ओसरलेले असतात, पण बाहेरगावचे पाहुणेही परत गेलेले असतात, म्हणून तो लहान कुटुंबालाच जमेल.