जुन्या ग्लो इंजिनांची गळती शोधणारा लालबागचा गाळा

लालबागमधील एका जुन्या औद्योगिक वसाहतीत, पहिल्या मजल्यावरच्या पाटी नसलेल्या गाळ्यात विमानांच्या मॉडेलची ग्लो इंजिने (मेथॅनॉलच्या इंधनावर चालणारी छोटी इंजिने) दुरुस्त करून मिळतात. या छंदाची दुकाने आता बहुतेक इलेक्ट्रिक मोटारी आणि बॅटऱ्याच विकतात. तेथे ओ.एस., एन्या किंवा सुपर टायगर कंपनीचे जुने इंजिन नेले तर 'याचे सुटे भाग येत नाहीत' एवढेच ऐकायला मिळते. गाळ्यातल्या काकांचे सारे आयुष्य लेथवर गेलेले आहे. गळतीच्या दुरुस्तीपुरते बोलायचे तर त्यांचे काम उत्तम आहे, व्यवहार मात्र काहीसा ढिला.

माझे इंजिन ओ.एस. 40 एफपी. मागचे झाकण सतत तेलकट राही, स्लोवर, म्हणजे सर्वांत कमी वेगावर, इंजिन टिकत नसे आणि निडल (इंधनाचे प्रमाण ठरवणारी सुई) कितीही फिरवली तरी वेग वरखाली होत असे. काकांनी इंजिनाला हात लावण्यापूर्वीच विचारले, "टाकी कुठे बसवलीय?" प्रश्न वरवर साधा वाटतो, पण टाकीतील इंधनाची पातळी कार्ब्युरेटरच्या वर असेल तर उभ्या विमानातही इंधन आपोआप वाहत राहते आणि मालक विनाकारण इंजिनाला दोष देतो. टाकीचा मध्य निडलच्या रेषेत किंवा किंचित खाली असावा लागतो. माझी टाकी योग्य जागी होती, तेव्हा प्रकरण पुढे सरकले.

तपासणीची पद्धत पाहण्यासारखी होती. सायलेन्सर काढून एक्झॉस्टचे तोंड रबराच्या तुकड्याने घट्ट बंद केले, शाफ्टमधला व्हॉल्व्ह उघडा राहील अशा बेताने शाफ्ट फिरवून ठेवला, कार्ब्युरेटरच्या तोंडाला नळीने मोठी सिरिंज जोडली आणि अख्खे इंजिन रॉकेल भरलेल्या स्टीलच्या पातेल्यात बुडवून हलकेच हवा दाबली. मागच्या झाकणाच्या खालच्या डाव्या स्क्रूपाशी बुडबुड्यांची बारीक माळ उठली, आणि कार्ब्युरेटरच्या बुडाशी आणखी एक. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन वर जाताना क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची बंद पेटी, हवा ओढते आणि खाली येताना दाबते. त्यामुळे ज्या फटीतून तेलमिश्रित इंधन बाहेर येते त्याच फटीतून हवाही आत शिरते, मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी पडते आणि इंजिन तापते. डाग पुसून उडवत राहणाऱ्यांचे नुकसान डागामुळे होत नाही, या आत शिरणाऱ्या हवेमुळे होते.

झाकणाचे पॅकिंग काकांनी गॅस्केट पेपरातून स्वतः कापले. जुन्या पॅकिंगची जाडी त्यांनी आधी मायक्रोमीटरने मोजली, कारण पॅकिंग फार पातळ झाले तर क्रँकपिन किंवा कनेक्टिंग रॉड झाकणाला घासण्याचा धोका असतो. कार्ब्युरेटरखालची ओ-रिंग दबून चपटी झाली होती, ती बदलली. निडलच्या आट्यांतूनही हवा शिरत असल्याचा संशय असल्याने त्यांनी निडल आणि तिची कॉलर झाकेल असा सिलिकॉन नळीचा छोटा तुकडा वरून चढवला. हा उपाय फुकटचा असूनही गुणकारी आहे. टाकीतल्या नळीला, तिच्या टोकाला लावलेल्या वजनाजवळ, सुईएवढे छिद्र होते, तेही त्यांनीच दाखवले. मेथॅनॉलच्या इंधनाला सिलिकॉन नळी उत्तम, पण पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाला ती मुळीच लावू नये, फुगून निकामी होते, हे त्यांनी न विचारताच सांगितले.

पुढच्या बाजूने, पंख्यामागून येणाऱ्या तेलाबाबत त्यांनी काहीही केले नाही आणि त्याचे पैसेही मागितले नाहीत. 40 एफपीला पुढे बॉल बेअरिंग नसून बुश (धातूची साधी नळकांडी) आहे, आणि शाफ्ट व बुश यांच्यामधून थोडे तेल बाहेर येणे हेच त्या बुशचे वंगण आहे. दुसऱ्या एखाद्या कारागिराने येथे नवा बुश माथी मारला असता. प्रामाणिकपणाची ही बाब मला पॅकिंगपेक्षाही महत्त्वाची वाटते.

आता तक्रारी. दिलेली तारीख पाळली जाईल असे गृहीत धरू नये. फोन करूनच जावे. सुट्या भागांची लेखी पावती मिळत नाही. इंधनातल्या एरंडेल तेलाचा जळून बसलेला तपकिरी थर काढण्यासाठी ते इंजिनाचे भाग गरम कूलंटमध्ये ठेवतात; धातू त्यात चकाचक होतो, पण रंगीत ॲनोडाइज केलेल्या भागाचा रंग उडू शकतो. माझ्या इंजिनाची एक रंगीत कॉलर अशीच फिकी पडली. असे भाग आधी वेगळे करून ठेवण्यास आपणच सांगावे. गाळ्यात इंजिन चालवून दाखवण्याची सोय नाही, शेजारच्या गाळ्यांना आवाज चालत नाही. त्यामुळे अंतिम खात्री मैदानावरच होते. माझे इंजिन तेथे स्लोवर न अडखळता टिकले आणि मागचे झाकण कोरडे राहिले.

तपासणीचे शुल्क वेगळे आहे, पण दुरुस्ती करून घेतल्यास ते बिलात वळते होते, हे रास्तच आहे. नेताना नुसते इंजिन नेऊ नये. टाकी, नळ्या आणि सायलेन्सरही सोबत न्यावेत, कारण टाकीला दाब देणारी नळी सायलेन्सरवरून येते आणि तिचे टोक सैल असले तरी लक्षणे जवळपास हीच दिसतात. शक्यतो पावसाळ्यापूर्वी जावे. मेथॅनॉल हवेतील ओलावा शोषते, आणि जूनपासून मुंबईत इंधन आत राहिलेले बॉल बेअरिंगचे इंजिन तसेच ठेवले तर गळतीआधी गंजाचीच दुरुस्ती करावी लागते.