‘द ब्लॅक लेक’ : मित्राच्या घराचा उंबरा

वाशीच्या वाचनालयातून हे पुस्तक आणलं ते बारीक दिसलं म्हणून. जेमतेम शंभर-सव्वाशे पानं. वाशी-ठाणे लोकलमध्ये जाता-येता दोन दिवसांत संपलं. ती प्रत परत केली आणि स्वतःची विकत घेतली.

लेखिका हेला हासे. डच, पण जन्म १९१८चा, बटाव्हियातला, म्हणजे आजच्या जकार्तातला. १९३८मध्ये शिकायला अ‍ॅमस्टरडॅमला गेल्या. १९४८मध्ये तिकडच्या पुस्तक सप्ताहाच्या स्पर्धेसाठी ही कादंबरी ‘सुका तुलिस’ या नावाने पाठवली. मलय भाषेत त्याचा अर्थ लिहायची आवड. ती निवडली गेली आणि त्या सप्ताहात पुस्तकं घेणाऱ्यांना भेट म्हणून वाटली गेली.

गोष्ट डच राजवटीतल्या जावामधल्या चहाच्या मळ्यावरची. सांगणारा गोऱ्या साहेबाचा मुलगा, त्याला पुस्तकभर नाव नाही. उरुग त्याच्याच वयाचा, मुकादमाचा मुलगा. दोघं दिवसभर एकत्र. एका रात्री साहेबलोक तळ्यावर जातात, तराफा उलटतो, साहेबाचा मुलगा पाण्यात पडतो आणि त्याला वाचवताना उरुगचे वडील बुडतात. पुढे साहेब उरुगच्या शिक्षणाचा खर्च उचलतात. इथून मैत्रीत जे शिरतं, ते हासेबाईंनी कुठेही आवाज न चढवता लिहिलंय. शेवट सांगत नाही.

मी ऐंशीच्या दशकात वाशीत वाढलो. माझा जिवलग मित्र घणसोली गावातला, आगरी. दर रविवारी आमच्याकडे यायचा, आईच्या हातचे पोहे खायचा. त्याच्या घरी मी इतक्या वर्षांत एकदाच गेलो. ओट्यावर सुकट वाळत घातली होती. आजीनं तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं कालवण पुढे केलं. आम्ही शाकाहारी, हे कळल्यावर ती आत जाऊन बराच वेळ डबे उघडत राहिली आणि गुळाचा खडा घेऊन आली. १९८४च्या जानेवारीत उरणजवळ जासईच्या बाजूला, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच माणसं गेली. आठवडाभर तो शाळेत आला नाही. आला तेव्हा मी त्याला गणिताची वही दिली. बाकी काही विचारलं नाही. आमची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती कोणाची होती, हेही कधी विचारलं नाही. हे पुस्तक वाचताना ती वही सारखी डोळ्यांसमोर येत होती.

इना रिल्के यांचं इंग्रजी भाषांतर सोपं, स्वच्छ आहे. नववी-दहावीतल्या मुलालाही झेपेल. तक्रार एकच, नावाची. मूळ डच नाव नुसतं ‘उरुग’. मित्राचं नाव काढून तळ्याचं का द्यावं? पुस्तक त्या मुलाचं आहे.

हासेबाई इथे थांबल्या नाहीत. पुढच्याच वर्षी, १९४९मध्ये, इंग्रजांच्या कैदेत २५ वर्षं काढलेल्या शार्ल द ऑर्लेआं या फ्रेंच सरदार-कवीवर जाडजूड ऐतिहासिक कादंबरी दिली. नाटकं, निबंध, आत्मचरित्रपर लेखन केलं. १९९२मध्ये एका चहामळेवाल्या घराण्याच्या खऱ्या पत्रांवरून ‘द टी लॉर्ड्स’ रचली. आणि २००२मध्ये, ८४व्या वर्षी, पुन्हा जावाकडे आणि बालपणीच्या मैत्रीकडे वळल्या. त्या कादंबरीत एक पेटी आहे, तिची किल्ली हरवलेली. ५४ वर्षांनी त्याच प्रश्नाशी परत येणाऱ्या लेखिकेबद्दल मला फार आदर वाटतो. २०११मध्ये त्या गेल्या.

माझा मित्र इंग्रजी वाचत नाही. गेल्या रविवारी मीच घणसोलीला गेलो, खाडीकाठी बसून त्याला सगळी गोष्ट मराठीत सांगितली. तळं, तराफा, शिक्षण, युद्ध. तो मध्ये एकदाही बोलला नाही. संपल्यावर म्हणाला, “आन तो पोरगा त्याचे आयशीला कधी भेटाला गेला का रं, बापूस मेल्याव?”

मी पुस्तक पुन्हा उघडलंय, तेवढंच शोधायला.