आमच्या गावचं जिल्हा परिषद हायस्कूल, तीन वर्षांचा अनुभव

पोरगी आठवीपासून इथं आहे, आता दहावीला. फी नावापुरती, आठवीपर्यंत खिचडी, बाहेरगावच्या पोरींना एसटीचा पास फुकट. पण मला सांगायचंय ते एनएमएमएसच्या (आठवीत होणारी सरकारी शिष्यवृत्ती परीक्षा) तासांबद्दल, आठवीच्या पोरांना सर सकाळी साडेसातला बोलवून बुद्धिमत्तेची गणितं सोडवून घ्यायचे, एक रुपया न घेता, आणि पोरगी लागली ना लिस्टमध्ये! नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये थेट खात्यात, कोरडवाहू कपाशीवाल्या घराला हे केवढं मोठं आहे. (साडेतीन लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो, आधीच काढून ठेवा.)

दिवाळीनंतर वेचणीला पोरं गळायला लागली की मॅडम स्वतः बांधावर येतात, अहिराणीत बोलतात, "पोरले शाळामा धाडा". इंग्लिश मीडियमच्या बसमध्ये बसवायच्या आधी एकदा इथले वर्ग बघून या खरंच.

तक्रार एकच, पोरींच्या टॉयलेटला उन्हाळ्यात पाणी नसतं. मार्चमध्ये पोरीची बाटली रोज भरलेलीच परत यायची, कारण कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. मीटिंगमध्ये बोललो, टाकी बसली, नळ अजून नाही. या सोमवारी परत जातोय.