बायबलची बांधणी: समास शाबूत, रिबीन गायब

नगरच्या जुन्या बाजारातल्या या दुकानाला पाटी नाही. पुस्तकं बांधणारे चाचा कुठे बसतात असं विचारलं की कुणीही दाखवतं. आईचं बायबल तिथून बांधून आणलं, साडेचारशे रुपये पडले.

आधी जुनं दुखणं. काही वर्षांपूर्वी तिचं गीतांचं पुस्तक दुसऱ्या एकाकडे टाकलं होतं. बांधणी झकास, पण कडा सरळ दिसाव्यात म्हणून पठ्ठ्याने मशीनवर तिन्ही बाजू कापल्या. समासातलं आईचं लिखाण निम्मं गेलं. ती काही बोलली नाही, पण बायबल मात्र पाठीला चिकटपट्ट्या लावून वापरत राहिली, कुणाच्या हाती दिलं नाही. शेवटी स्तोत्रसंहितेचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, सुटून उपासनेत मांडीवर पडायला लागले, तेव्हा कुठे तयार झाली.

आई निवृत्त नर्स. वॉर्डातल्या सवयीने प्रार्थनासुद्धा समासात तारीख घालून लिहिते. द्यायच्या आधी पानं मोजायला बसलो, तेव्हा ते सगळं पहिल्यांदा नीट वाचलं. 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' या वचनाशेजारी: '18-5-93. नळाला पाणी आले.' सत्ताविसाव्या स्तोत्राच्या शेवटी माझं नाव, पुढे 'नोकरी', खाली सात तारखा आणि प्रत्येकीसमोर 'अजून नाही'. आठवीसमोर 'लागली. उपकार.' त्या दोन वर्षांत तिने मला नोकरीवरून एका शब्दाने टोकलं नव्हतं. ताईच्या नावाखालच्या तारखांना मात्र शेवटपर्यंत उत्तर नाही. तिथे निळ्या शाईत एवढंच: 'तरी उपकार.'

चाचांना म्हटलं, कटिंग अजिबात नको. "कडा वरखाली दिसतील," ते म्हणाले. मी एक पान उघडून दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं. "अम्मांचा हिशेब आहे. राहू दे."

काम एक नंबर. फाटलेल्या प्रत्येक घडीवर पातळ कागदाची पट्टी, मग जुजबंदी, म्हणजे फर्मे दोऱ्याने शिवलेले, नुसतं गोंदावर भागवलेलं नाही. खळीत मोरचूद घातलंय, म्हणजे कसरीची भीती कमी. वर काळं रेक्झिन. टेबलावर उघडं ठेवलं की उघडंच राहतं, हे आईला सगळ्यात आवडलं, कारण एका हातात भिंग असतं. कडा खरंच वरखाली आहेत, जुना लाल रंग कुठे आहे, कुठे नाही. असू देत.

तक्रार वेळेची. आठ दिवस सांगून महिना लावला. मी चार खेपा घातल्या आणि घरी येऊन चिडचिड केली, तर आईच म्हणाली, "अरे, केडगावला रमाबाईंनी बायबल मराठीत आणायला किती वर्षं घातली! 1922 साली गेल्या, तोवर कुठे काम पुरं झालं. तुझ्याच्याने महिना निघेना?" पंडिता रमाबाईंपुढे माझं काय चालणार? तरी तुम्ही जाल तेव्हा नाताळच्या तोंडावर जाऊ नका, आणि शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं.

आणि खुणेची रिबीन लावायला ते विसरले. एक तारा त्यासाठी कापतो. आईने जुन्या साडीच्या काठाची पट्टी घातली आहे, सध्या ती ईयोबाच्या पुस्तकात आहे.