खोली क्रमांक ५७ : बी.एड. कॉलेजच्या सॉफ्टवेअरसोबत अडीच वर्षं

आजूबाजूच्या तालुक्यांतल्या चार-पाच कॉलेजांचे भाऊसाहेब मला फोन करून एकच विचारतात, "तुम्ही ते कॉलेज चालवायचं सॉफ्टवेअर घेतलंय म्हणे, कसं आहे?" प्रत्येकाला पाऊण तास सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. करार अजून चालू आहे आणि प्राचार्य मॅडमनी तसं बजावलंय.

मी एका अनुदानित अध्यापक महाविद्यालयात कार्यालयीन अधीक्षक आहे. नोकरीला एकतीस वर्षं झाली, येत्या मे अखेरीस सुटेन. बी.एड.ची दोन्ही वर्षं मिळून दोनशे विद्यार्थी. एवढ्यांसाठी एनसीटीईच्या (शिक्षक-शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या) निकषांप्रमाणे १६ पूर्णवेळ अध्यापक लागतात. आमच्याकडे नऊ आहेत, बाकी गाडा तासिका तत्त्वावरच्या मंडळींवर चालतो. हे आधीच सांगतो, कारण डेमोला आलेल्या माणसाने पहिलाच प्रश्न विचारला होता, "सर, फॅकल्टी किती?" आणि मी म्हणालो, "कागदावर विचारताय की खुर्चीवर?" तो हसला. तेव्हाच त्याला नीट समजावून सांगायला हवं होतं.

तारे द्यायचेच तर पाचापैकी तीन. पण ही सरासरी आहे. एका कामाला पाच, एकाला शून्य.

आधी पैशाचं. मूळ किंमत १ लाख ४० हजार सांगितली, वार्षिक देखभाल २८ हजार. कोटेशनच्या तळाला बारीक अक्षरात 'कर वेगळा' होतं, म्हणजे वर १८ टक्के जीएसटी. महाविद्यालय विकास समितीत हा विषय मांडताना मी कराशिवायचा आकडा वाचला आणि मंजुरीही तेवढ्याचीच मिळाली. वरच्या २५ हजार २०० साठी पुढच्या बैठकीपर्यंत फाईल माझ्या टेबलावर पडून. चूक माझी. पण कोटेशन देणाऱ्याने एकूण रक्कम एका ओळीत लिहायला काय हरकत होती?

जे चांगलं चालतं ते सांगतो. फी, प्रवेश नोंद, दाखले. यात बोट ठेवायला जागा नाही. सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या, प्रवेश फेरीतून मुलगा आला की त्याचं नाव, प्रवर्ग, पद्धती विषय (जो शिकवायला तो शिकणार तो) एकदाच भरायचं. मग पावती, ओळखपत्र, बोनाफाईड, शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलसाठी लागणारी यादी, सगळं तिथूनच निघतं. पूर्वी एकाच मुलाचं नाव आम्ही सहा रजिस्टरांत लिहायचो आणि सहा ठिकाणी सहा प्रकारचं शुद्धलेखन व्हायचं. आमचा एखादा जुना विद्यार्थी शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून जिल्हा परिषदेत लागला की तिकडून पडताळणीचं पत्र येतं. आधी त्यासाठी शिपाईमामांना माळ्यावर चढवावं लागायचं, आता नाव टाकलं की दोन मिनिटांत उत्तर तयार. अर्थात ज्यांची माहिती भरलीय त्यांचंच. त्याआधीच्यांसाठी माळा आहेच.

आता वेळापत्रक.

बी.एड.चं वेळापत्रक लावणं म्हणजे काय ते बी.ए.-बी.कॉम.वाल्यांना कळत नाही, आणि हे सॉफ्टवेअर त्यांच्यासाठीच बनलेलं आहे. पहिल्या वर्षाला सूक्ष्म अध्यापन असतं, म्हणजे मोजक्या मिनिटांचा सराव पाठ. सहा मिनिटं अध्यापन, सहा मिनिटं प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणं), बारा मिनिटं पुनर्नियोजन, सहा मिनिटं पुनरध्यापन आणि परत सहा मिनिटं प्रत्याभरण. झाली ३६. सॉफ्टवेअरमध्ये तासिका पंधराच्या पटीत. तीस मिनिटं घेतली तर शेवटचं प्रत्याभरण कापलं जातं, पंचेचाळीस घेतली तर दिवसातली दोन चक्रं कमी होतात. दहा-दहा मुलांचे गट, प्रत्येक गटाला वेगळे मार्गदर्शक. शेवटी मराठी पद्धतीच्या मॅडमनी नेहमीप्रमाणे कार्डशीटवर स्केचपेनने तक्ता आखला आणि सूचनाफलकावर लावला. सॉफ्टवेअरमध्ये त्या तीन आठवड्यांत सकाळ-दुपार 'प्रात्यक्षिक' एवढाच एक शब्द आहे.

पण ही किरकोळ गोष्ट. खरी गंमत छात्रसेवाकालाची, म्हणजे मुलं शाळांत जाऊन शिकवतात त्या काळाची.

दुसऱ्या वर्षाची मुलं सोळा आठवडे शाळांत असतात, पहिल्या वर्षाची चार. सोळा आठवडे शंभर मुलं कॉलेजच्या बाहेर! आम्ही ती अकरा शाळांत वाटतो. कुठल्या शाळेला गणिताची किती मुलं लागतात, कुठं सेमी इंग्रजी आहे, कुठं घटक चाचणी आहे, कुठं स्नेहसंमेलनामुळे आठवडाभर तास होणार नाहीत, कुठल्या गावाला सकाळची एसटी वेळेत पोचते, हे सगळं बघून यादी होते. त्या अकरा मुख्याध्यापकांना पत्रं मी जूनमध्येच पाठवतो. उशीर झाला की दुसरं कॉलेज ती शाळा धरतं.

सॉफ्टवेअरला शाळा हा प्रकारच माहीत नाही. प्रत्येक तासिकेला 'खोली क्रमांक' हवा, त्याशिवाय पुढे जात नाही. मदत केंद्राला फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "सर, छात्रसेवाकाल कोणत्या खोलीत असतो?" मग मीच डोकं चालवलं. आमच्या इमारतीत नऊ खोल्या. मी अकरा शाळांना ५१ ते ६१ असे क्रमांक दिले आणि खोल्या म्हणून नोंदवून टाकल्या. मशीन गप्प बसलं. त्या संध्याकाळी स्वतःवर खूश होऊन घरी गेलो.

पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला गणित पद्धतीचे सर मोबाईल हातात धरून कार्यालयात आले. चोवीस वर्षं नोकरी झालेला माणूस, आवाज कधी चढवत नाहीत. फोन माझ्यासमोर टेबलावर ठेवला. त्यावर संदेश होता : आपण मागील महिन्यात १९ दिवस विनापरवानगी गैरहजर आहात, लेखी खुलासा सादर करावा. प्रत प्राचार्यांना.

झालं होतं असं, की अंगठ्याचं यंत्र कॉलेजच्या दारात. सर रोज सकाळी घरूनच परस्पर चौदा किलोमीटरवरच्या हायस्कूलला जात होते, मुलांचे पाठ बघायला. दारातल्या यंत्राला ते महिनाभर दिसलेच नाहीत.

"भाऊसाहेब, एकोणीस दिवस मी कुठं होतो, तेवढं तुम्हीच सांगा."

मी वेळापत्रक उघडलं. "सर, तुम्ही खोली क्रमांक ५७ मध्ये होता."

म्हणजे तेच सॉफ्टवेअर एका पडद्यावर सरांना ५७ नंबरच्या खोलीत पाठ निरीक्षण करताना दाखवत होतं आणि दुसऱ्या पडद्यावर त्यांच्याकडे गैरहजेरीचा खुलासा मागत होतं. दोन्ही विभाग एकाच कंपनीने बनवलेले, पण त्यांची आपसात बोलचाल नाही. त्या महिन्यात असे संदेश पाच जणांना गेले. आता छात्रसेवाकालात मी यंत्राची जोडणी बंद ठेवतो आणि हालचाल नोंदवही बाहेर काढतो. शाळेच्या मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का. तेवढं पुरतं, इतकी वर्षं पुरलंय.

खोली ५७ तिथंच संपली नाही. विद्यापीठाची स्थानिक चौकशी समिती आली. तिच्यातल्या एका सदस्यांनी सॉफ्टवेअरमधून छापलेलं वेळापत्रक बघितलं, मग खिडकीतून इमारत बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "५७ नंबरची खोली दाखवा." मी म्हणालो, "साहेब, गाडी काढावी लागेल." समजावल्यावर ते हसले, पण अहवालात 'खोल्यांच्या नोंदी तपासून पूर्तता सादर करावी' हे आलंच. पूर्तता अहवालाचा मसुदा मी स्वतः केला. माझ्या नोकरीतलं सगळ्यात विचित्र पत्र असेल ते.

कामाच्या दिवसांची मोजणीही अशीच. एनसीटीईला वर्षाला किमान २०० दिवस हवेत, तेही प्रवेश आणि परीक्षेचे दिवस सोडून. आठवड्याला किमान ३६ तास. सीईटीच्या फेऱ्या लांबल्या की पहिलं वर्ष उशिरा सुरू होतं आणि मग शनिवार, दिवाळीच्या सुट्टीतले दोन-चार दिवस असं करत आम्ही २०० गाठतो. सॉफ्टवेअर मात्र सुट्टी नसलेला प्रत्येक दिवस कामाचा धरतं. गेल्या वर्षी त्याने २३१ दाखवले. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने मोजले, २०३ भरले. त्या २३१ वर विसंबून कुणी फेब्रुवारीत चार सुट्ट्या दिल्या असत्या तर? हजेरीचीही तीच गत. आमच्याकडे दोन मर्यादा आहेत, तासिका-प्रात्यक्षिकाला ८० टक्के आणि छात्रसेवाकालाला ९०. सॉफ्टवेअरमध्ये एकच रकाना, आणि तोही ७५ भरून आलेला.

आता प्राध्यापकांच्या फायलींकडे येतो, कारण फोन करणारे सगळ्यात जास्त तेच विचारतात. पगाराचा विभाग घेऊ नका. अनुदानित माणसाचा पगार सरकारच्या सेवार्थ या पगार प्रणालीतूनच निघणार, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो दुसऱ्यांदा भरून मिळतं काय? तासिका तत्त्वावरच्या लोकांची देयकं मात्र यातून छान निघतात. तारीख, तास, घटक, विभागप्रमुखाची संमती, सगळं महिन्याच्या शेवटी एका कागदावर येतं. बिचाऱ्यांचे पैसे मिळायला उशीर होतोच, पण निदान आमच्या टेबलामुळे होत नाही.

कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या, फायलीचं दोन्ही बाजूंनी सांगावं लागेल. चांगली बाजू अशी, की उद्बोधन वर्गाचं, उजळणी वर्गाचं प्रमाणपत्र, शोधनिबंध, समितीवरच्या नेमणुकीचं पत्र, जे मिळेल ते प्राध्यापक त्याच दिवशी चढवून ठेवू शकतात. पूर्वी स्थाननिश्चितीची (याच पदोन्नतीची) छाननी ठरली की लोक माझ्याकडे येऊन म्हणायचे, "भाऊसाहेब, आठ वर्षांपूर्वीच्या त्या पत्राचा जावक क्रमांक बघा ना." ते बंद झालं. वाईट बाजू अशी, की देय तारीख सॉफ्टवेअर स्वतः काढतं आणि चुकीची काढतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या विनियमांप्रमाणे वेतनाच्या लेव्हल १० मधून ११ मध्ये जायला पीएच.डी. असेल तर चार वर्षं, एम.फिल. असेल तर पाच, दोन्ही नसेल तर सहा. या सॉफ्टवेअरने सगळ्यांना सहा लावली. आमच्या इतिहास पद्धतीच्या मॅडम पीएच.डी. घेऊनच रुजू झालेल्या. यंत्राची घंटा त्यांच्यासाठी दोन वर्षं उशिरा वाजली असती. माझ्या वहीत प्रत्येक प्राध्यापकाचं एक पान आहे, रुजू तारीख, पदवी, पुढची देय तारीख लाल शाईत. त्या लाल शाईने मॅडमची फाईल वेळेत कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाकडे (आयक्यूएसी) गेली. ती वही मी जाताना माझ्या जागी येणाऱ्याच्या हातात देणार आहे, कपाटात ठेवून जाणार नाही.

'नॅक अहवाल' असं एक मोठं हिरवं बटण आहे. नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था. दाबलं की अहवाल निघतो खरा, पण सर्वसाधारण कॉलेजच्या नमुन्यात. शिक्षक-शिक्षण संस्थांची नॅकची पुस्तिका वेगळी असते हे त्यांना आम्ही सांगितलं. दोन वर्षं झाली, बटण अजून तसंच हिरवं आहे.

एका गोष्टीला मात्र मी पाच तारे देतो आणि ती कुणी मागितलेली नव्हती. समित्यांच्या इतिवृत्तांचा विभाग. बैठकीचं इतिवृत्त लिहून अध्यक्षांनी मान्य केलं की त्याला कुलूप लागतं आणि तारीख उमटते. नंतर एक स्वल्पविरामही बदलत नाही. विकास समितीच्या वर्षात किमान चार बैठका व्हायला हव्यात, २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात तसं आहे. त्या होतातच. पण बाकीच्या बऱ्याच समित्यांच्या बैठका नॅकच्या आदल्या आठवड्यात, एकाच निळ्या पेनने, एकाच बैठकीत व्हायच्या, हे आपण सगळे भाऊसाहेब जाणतो. कुलूप आल्यापासून पहिलं वर्ष फार अवघड गेलं. तीन समित्यांचे रकाने रिकामे राहिले आणि ते रिकामे दिसले. दुसऱ्या वर्षी त्या तिन्ही समित्या खरोखर बसल्या. चहाचा खर्च वाढला, तेवढंच.

सेवेबद्दल. पहिल्या वर्षी कंपनीने एक मुलगा दिला होता, पंचविशीतला. फोनवर त्याला काही कळेना, तर तिसऱ्या दिवशी तो स्वतःच एसटीने आला. दुपारी माझ्या डब्यातली भाकरी-पिठलं खाल्लं आणि माझ्या स्कूटरवर बसून 'खोली ५७' बघायला आला. आठवी ब च्या वर्गात मागच्या बाकावर बसून त्याने आमच्या एका मुलीचा अपूर्णांकांचा पाठ पूर्ण बघितला. परत येताना म्हणाला, "काका, हे मला आधी कुणी दाखवलंच नव्हतं." महिन्याभरात त्याने 'खोली'च्या जागी 'ठिकाण' करून दिलं आणि हजेरीचे दोन रकाने करतो म्हणाला. मग त्याला दुसरीकडे चांगली नोकरी लागली. पुढच्या सुधारित आवृत्तीत 'ठिकाण' जाऊन परत 'खोली' आली. आता फोन केला की तक्रार क्रमांक मिळतो. माझ्याकडे असे चौदा क्रमांक जमलेत.

कुणी घेणार असेल तर डेमोच्या वेळी विक्रेत्याला लॅपटॉपवर पाच गोष्टी दाखवायला लावू नका, एकच लावा. छत्तीस मिनिटांचं सूक्ष्म अध्यापनाचं एक चक्र टाक म्हणावं, नाहीतर बाहेरच्या शाळेत गेलेल्या प्राध्यापकाला हजर दाखव म्हणावं. "पुढच्या अपडेटमध्ये येतंय" म्हणाला तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

आमचा करार मार्चमध्ये संपतो. प्रवेश-फी-दाखले, तासिका देयकं आणि इतिवृत्तं एवढंच ठेवावं, पगार आणि वेळापत्रक काढून देखभालीची रक्कम निम्मी करावी, असा प्रस्ताव मी विकास समितीपुढे ठेवलाय, यावेळी करासकट आकडा लिहून. समितीने मान्य केला. कंपनीला पत्र गेलं, जावक क्रमांक पडला, उत्तर अजून नाही. आलं की याच्याच खाली लिहीन.