ब्रश मारलेला जॉइंट

फिटरने फ्लँजचा (दोन पाइप जोडणाऱ्या कड्याचा) शेवटचा बोल्ट आवळला आणि ‘टिक्’ असा आवाज आला. अगदी बारीक, वाळकी काटकी मोडावी तसा. आम्हाला वाटलं मधली गळती रोखणारी चकती, गॅस्केट, बसली. दुसऱ्या दिवशी त्या जॉइंटखाली खाऱ्या पाण्याचं थारोळं साचलं होतं आणि वेल्डच्या बरोबर मधून, पाइपाच्या जवळजवळ अर्ध्या घेराला, केसासारखी चीर गेली होती.

लाइन बसवून जेमतेम सव्वा महिना झाला होता. ग्रेड २ टायटॅनियम, तीन मिलिमीटर जाडीचा पाइप, नऊ स्पूल (आधीच वेल्ड करून आणलेले पाइपाचे तुकडे), बावीस जॉइंट. क्लोरीन मिसळलेल्या गरम खाऱ्या पाण्यापुढे एसएसचा (स्टेनलेस स्टीलचा) टिकाव लागत नाही, म्हणून हा महागडा धातू घेतला होता. आता कळतंय की धातू चांगला होता. फसलो ते जोडकामात, आणि निम्मा दोष माझा होता. कसा, ते सगळं सांगतो, कारण ज्या पद्धतीने मला गंडवलं ती पद्धत फार सोपी आहे आणि कोणावरही चालेल.

काम ज्याला दिलं त्याने सुरुवातीला फोटो पाठवले होते. वेल्डवर इंद्रधनुष्य: निळा, जांभळा, सोनेरी, मधेच हिरवट झाक. एकावर एक ठेवलेल्या नाण्यांसारखे एकसारखे थर. मी ते फोटो दोन सहकाऱ्यांना दाखवले आणि म्हणालो, हात बघा याचा! टायटॅनियमबद्दल तेव्हा मला एवढंच माहीत होतं की ते हलकं असतं आणि गंजत नाही.

माल आला तेव्हा सगळे जॉइंट लखलखीत चंदेरी. रंगाचा मागमूस नाही. तेव्हाही मी खूशच. म्हणजे बघा, रंगीत फोटो बघून मी वाहवा केली आणि रंग नसलेला माल बघूनही वाहवाच केली. या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आजही ते आठवलं की कानशिलं तापतात.

चीर गेलेला स्पूल खाली उतरवला आणि आमच्याकडे पूर्वी टिग वेल्डिंगचं काम केलेल्या, आता निवृत्त झालेल्या एका काकांना बोलावलं. ते आले, चष्मा कपाळावर सरकवला आणि बाहेरच्या चकाकत्या वेल्डकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मला म्हणाले, “कापा. आतून बघू.”

पाइप उभा चिरला. आतल्या बाजूला वेल्डच्या मुळाशी निळसर-राखाडी पट्टा होता आणि त्यावर पांढरट भुकटी, बोटाला लागेल अशी. बाहेरून चांदी, आतून राख. काका म्हणाले, “बाहेर ब्रश पोहोचला. आत पोहोचला नाही. एवढाच फरक.”

मग मला आठवलं. स्पूल आले तेव्हा प्रत्येक तोंडाला प्लॅस्टिकची टोपी घट्ट बसवून वर टेप गुंडाळली होती. “धूळ जाऊ नये म्हणून, साहेब. टायटॅनियमला स्वच्छता फार लागते.” किती काळजी घेतात, असं मला वाटलं होतं. हायड्रो टेस्टही (पाण्याच्या दाबाची चाचणी) त्यांच्याच शेडमध्ये झाली होती, टोप्या त्यानंतर लागल्या. आमच्या माणसांनी त्या काढल्या त्या थेट लाइनवर चढवताना. तेव्हा आत बॅटरी मारून बघायला कोणाला सवड होती?

आता हा रंग काय बोलतो ते सांगतो, कारण सगळी फसवणूक त्याच्याभोवती फिरते. टायटॅनियम १६६८ अंश सेल्सिअसला वितळतं. पण खरी भानगड वितळल्यावर नाही, थंड होताना होते. साधारण ४२५ अंशांच्या वर असेपर्यंत हा धातू हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन अक्षरशः पितो. एसएसवर काळपट पापुद्रा आला तर तो घासून पुढे जाता येतं, इथे वायू धातूच्या अंगात मुरतो. मुरला की धातू कडक होतो, ठिसूळ होतो. ग्रेड १ मध्ये ऑक्सिजनची कमाल मर्यादा ०.१८ टक्के आणि ग्रेड २ मध्ये ०.२५ टक्के आहे. इतक्या बारीक फरकावर ताकद आणि लवचीकता बदलते, तर उघड्या हवेत तापलेल्या वेल्डचं काय होत असेल, विचार करा. मुळात क्रोल पद्धतीने हा धातू तयार करतात तोही आरगॉन हा निष्क्रिय वायू भरलेल्या बंद भांड्यात. त्याचा जन्मच हवेपासून लपून होतो.

वेल्ड करताना टॉर्चच्या नोझलमधून येणारा आरगॉन फक्त आर्कखालचं वितळलेलं डबकं झाकतो. टॉर्च पुढे सरकली की मागचा पट्टा उघडा पडतो, आणि टायटॅनियममधून उष्णता हळू वाहत असल्यामुळे तो बराच वेळ तापलेलाच राहतो. म्हणून मागून ओढत न्यायचं आरगॉनचं झाकण, ट्रेलिंग शिल्ड लागतो, पाइपाच्या आत आरगॉन भरावा लागतो, म्हणजे बॅक पर्ज, आणि आर्क बंद झाल्यावरही टॉर्च जागेवर धरून वीस-पंचवीस सेकंद गॅस चालू ठेवावा लागतो. फिलरच्या (जोडात वितळवून भरायच्या) तारेचं तापलेलं टोकसुद्धा गॅसच्या बाहेर काढायचं नाही. चुकून निघालंच तर ते टोक कापून टाकायचं, नाहीतर पुढच्या थेंबाबरोबर घाण आत जाते. एसएसवर आयुष्य काढलेल्या हाताला हे जमत नाही असं नाही, पण त्याच्या सगळ्या सवयी उलट्या पडतात. तो जॉइंट संपला की टॉर्च उचलतो.

यातलं काय नीट झालं आणि काय नाही, हे धातू स्वतःच सांगतो. चंदेरी म्हणजे उत्तम. फिका पेंढ्यासारखा पिवळा, ज्याला शॉपमध्ये स्ट्रॉ म्हणतात, तो सहसा चालतो. तिथून तपकिरीकडे, जांभळ्या-निळ्याकडे गेलं की शंका घ्यायची. राखाडी आणि पांढरी भुकटी म्हणजे सरळ भंगार. हा रंग म्हणजे ऑक्साइडच्या थराची जाडी. विजेच्या साहाय्याने थंड टायटॅनियमवर हेच निळे-जांभळे रंग मुद्दाम चढवता येतात आणि त्याने धातूचं काही बिघडत नाही. म्हणूनच “निळा रंग ही टायटॅनियमची खासियत आहे, साहेब” हे वाक्य अर्धं खरं असतं, आणि अर्धं खरं वाक्य पचायला फार सोपं जातं. वेल्डवर मात्र तो रंग सांगतो की इथे गरम धातूला हवा लागली.

आणि हा साक्षीदार एसएसच्या तारेच्या ब्रशने अर्ध्या मिनिटात पुसता येतो.

वरचा रंग गेला म्हणून आत मुरलेला ऑक्सिजन जात नाही. पण बघणाऱ्याला काय, चकचकीत जॉइंट. माझ्याकडे आलेल्या बावीसच्या बावीस जॉइंटांना ब्रश मारला होता. काकांनी भिंग लावून बारीक समांतर ओरखडे दाखवले. तो ब्रशही आधी लोखंडावर चालवलेला असणार, कारण काही जॉइंटांशेजारी गंजाचे तपकिरी ठिपके उठले होते. टायटॅनियम गंजत नाही, मग तिथे जे गंजतंय ते ब्रशने आणून रुतवलेलं लोखंड. टायटॅनियमचा ब्रश वेगळा ठेवायचा असतो, तो दुसऱ्या कशालाही लावायचा नसतो, हे मला तेव्हा कळलं.

तुम्ही म्हणाल, तपासण्या केल्या नव्हत्या का? केल्या होत्या, तिन्ही. हायड्रो टेस्ट पास, डीपी (डाय पेनिट्रंट, म्हणजे रंगद्रव लावून घेतलेली) टेस्ट पास, रेडिओग्राफी (एक्स-रे) पास. आणि तिन्ही रिपोर्ट खरे होते! हीच तर गंमत आहे. डीपी पृष्ठभागावर उघडी असलेली चीर दाखवते, तेव्हा चीर नव्हतीच. रेडिओग्राफी पोकळ्या, अर्धवट जोड, अडकलेला टंगस्टन दाखवते, ठिसूळपणा फिल्मवर दिसत नाही. हायड्रोत पाइपावर स्थिर दाब येतो, तो त्याने सोसला. पुढे पंपाची थरथर, तापमानाची चढउतार आणि बोल्टाची ओढ एकत्र आली आणि तो काचेसारखा तडकला. धातूची जात तपासणारी हातातली एक्स-रे गनही आम्ही फिरवली होती. तिला ऑक्सिजन दिसतच नाही, त्यामुळे तिने ‘टायटॅनियम’ सांगितलं आणि ती गप्प बसली.

खोटं उघडं पाडलं ते अगदी गावठी परीक्षेने. चिरलेल्या पाइपातून वेल्डसकट एक पट्टी कापली, व्हाइसमध्ये धरली आणि वाकवली. मूळ धातू मुकाट वाकला. वेल्ड वाकलाच नाही, खडूसारखा तुटला. नंतर हार्डनेसही (कठीणपणा) घेतला: पाइप विकर्स मापात दीडशे-एकशे साठच्या आसपास, वेल्ड तीनशेच्या वर. पण ते आकडे यायच्या आधीच, पट्टी तुटली तेव्हा खोलीत जी शांतता पसरली त्यातच निकाल लागला होता.

मग मी फाइल उघडली. ऑर्डरच्या वेळी जी चाळली होती, तीच. वेल्डरचं प्रमाणपत्र होतं, शिक्का होता, ‘पास’ होतं. पण धातूच्या रकान्यात पी नंबर (धातूच्या गटाचा क्रमांक) ८, म्हणजे एसएस. एएसएमई या अमेरिकी अभियंता संस्थेच्या नियमांत टायटॅनियमचे गट ५१ पासून सुरू होतात आणि एसएसवर पास झालेला वेल्डर त्यावर आपोआप पात्र ठरत नाही. आरगॉनचंही प्रमाणपत्र होतं, ९९.९९९ टक्के शुद्धतेचं. त्यावरचा सिलिंडर नंबर आणि त्यांच्याच रोजच्या नोंदीतला सिलिंडर नंबर वेगळा. टेस्ट पीसचा वाकवलेला नमुना सुंदर चंदेरी होता, पण तो कोणी, कधी, कुठे केला याचा कागदावर पत्ताच नव्हता. म्हणजे त्यांनी फारसं काही लपवलंही नव्हतं. मी वाचणार नाही याची त्यांना खात्री होती, आणि ती खरी ठरली.

फोन केला. आधी “बोल्ट जास्त आवळला असेल.” मग “पाइपच सदोष असेल, माल तुम्हीच दिला होता.” तुटलेल्या पट्टीचा फोटो पाठवला, तर “साहेब, टायटॅनियम वाकवायचं नसतंच.” यावर मी थोडा वेळ गप्पच झालो. ग्रेड २ ची वेल्ड चाचणीच मुळी जाडीच्या आठपट व्यासाच्या गोल साच्यावर वाकवून घेतात. शेवटी म्हणाले, आणून द्या, चिरेवर पुन्हा वेल्ड मारून देतो. हे मात्र कोणी कबूल करू नका. खराब झालेल्या वेल्डवर पुन्हा आर्क मारली की वरची घाण वितळून आणखी खोल जाते. तो भाग पूर्ण कापून काढावा लागतो, दुसरा इलाज नाही. आम्ही बावीसही जॉइंट कापले. प्रत्येक कापात पाइप आखूड होत गेला, ते वेगळंच.

काकांनी जाता जाता एक गोष्ट सांगितली ती इथे टाकतो, विषयाला थोडी सोडून आहे. अमेरिकेच्या लॉकहीड कंपनीने एसआर-७१ जातीची टायटॅनियमची विमानं बनवली तेव्हा उन्हाळ्यात केलेले स्पॉट वेल्ड लवकर निकामी व्हायचे आणि हिवाळ्यातले टिकायचे. शोध घेतला तर उन्हाळ्यात नळाच्या पाण्यात जास्त क्लोरीन घालत आणि सुटे भाग त्याच पाण्याने धूत असत. डिस्टिल्ड वॉटर वापरल्यावर प्रश्न सुटला. म्हणून वेल्डच्या आधी पुसायला अॅसिटोन चालतं, क्लोरीनवालं सॉल्व्हंट नाही. आमच्या ठेकेदाराने कशाने पुसलं होतं, की पुसलंच नव्हतं, ते आता देव जाणे.

दुसऱ्यांदा काम दिलं तेव्हा ऑर्डरमध्ये मी एकच ओळ स्वतःच्या हाताने घातली: वेल्डच्या प्रत्येक थराचा रंग आमच्या माणसाने बाहेरून आणि आतून बघितल्याशिवाय ब्रश, पिकलिंग (आम्लाने धुणं), बफिंग (चकाकी काढणं) काहीही करायचं नाही. ही ओळ वाचून दोघांनी कोटेशनच पाठवलं नाही. तिसऱ्याने विचारलं, “बघायला रोज येणार का? मग खुर्ची ठेवतो.” त्याच्या शेडमध्ये पंखा बंद होता, गॅसची नळी रबराची नव्हती, आणि आदल्या दिवशीच्या एका जॉइंटवर खडूने फुली मारलेली होती. विचारलं तर म्हणाला, “निळा आला. कापणार आहे.” काम त्यालाच दिलं.

परवा ओळखीच्या एका इंजिनिअरने मला फोटो पाठवला. त्यालाही टायटॅनियमचं काम द्यायचं आहे, एका ठेकेदाराने नमुना म्हणून पाठवलाय, तुझं मत सांग. लखलखीत चंदेरी जॉइंट, तोंडाला प्लॅस्टिकची टोपी, वर व्यवस्थित टेप. फ्लँजवर पेंट मार्करने लिहिलेला स्पूल नंबर होता. अक्षर माझंच.

मी त्याला लिहिलं, टोपी काढून आतला फोटो माग.